मागच्या तीन पायऱ्या

“ताई, आईसाहेबांना इतक्यात आणू नगा,” पिसाळ मिस्त्री फोनवर म्हणाला. “मागलं दार अजून मोकळंच हाय.”

“मोकळं म्हणजे?”

“म्हंजे पायऱ्या काढल्यात. पाइपासाठी चारी खणलीय, आन् पायऱ्या काढल्याबिगर चारी जाईना. आठ-धा दिस द्या मला. गौरी-गणपतीत गडी कामाला येत न्हाईत, तुम्हाला ठाऊकच हाय.”

मी बाल्कनीचं दार लोटून घेतलं. आत हॉलमध्ये आई जमिनीवर बसून गवार मोडत होती.

“पिसाळ, तुम्ही सहा आठवडे म्हणाला होतात. चार महिने झाले.”

“व्हय की,” तो शांतपणे म्हणाला. “मी कुठं न्हाई म्हणतोय?”

या वाक्याला उत्तर नसतं, हे मला त्या चार महिन्यांत कळलं होतं. आधी त्याच्या गावची यात्रा झाली. मग मेहुणीचं लग्न. मग पेरणी, कारण पिसाळ गवंडी होता तसाच दीड एकराचा शेतकरीही होता, आणि पाऊस वेळेवर आला की त्याच्या थापीला गंज चढायचा. दर वेळी तो खरंच बोलायचा. खोटं बोलला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

मी आत आले तेव्हा आईने वर न बघता विचारलं, “मिस्त्रीचा होता?”

“हो.”

“काय म्हणतो?”

“होतंय म्हणतो. आठ-दहा दिवसांत.”

आईने गवारीची एक शेंग मोडली, शिरा काढल्या, बाजूला ठेवल्या. “गौरी सहा दिवसांवर आल्यात,” ती म्हणाली.

आमचं घर वाईला, गंगापुरीत. चार खोल्यांचं, बाबांनी बांधलेलं. बाबा जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. त्यांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि आई तिथे एकटी राहायची. घरात सगळं होतं, फक्त संडास मागच्या अंगणात, विहिरीच्या पलीकडे होता. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला तीन दगडी पायऱ्या, त्या उतरायच्या, अंगण ओलांडायचं. आदल्या कार्तिकात आई शेवटच्या पायरीवरून घसरली. मनगट सुजलं. मला ते महिन्याने कळलं, तेही शेजारच्या अंबूताई करमरकरांकडून. मग मी ऐकलं नाही. मागची पडवी बंद करून आत न्हाणीघर आणि कमोड, भिंतीला धरायला दांडे, पायऱ्यांच्या जागी उतार, असं सगळं मी पिसाळला कागदावर काढून दिलं. आई चौऱ्याहत्तर वर्षांची होती.

“मला काय होतंय?” ती तेव्हा म्हणाली होती. “सवय आहे पायांना.”

“एक दिवस पडशील.”

“पडले तर पडले.”

“आणि मग कोण बघणार?” मी म्हटलं. यावर ती गप्प बसली. मला वाटलं, पटलं.

अक्षय्य तृतीयेनंतर काम सुरू झालं आणि मी तिला कराडला माझ्या फ्लॅटवर आणलं. चौथा मजला, दोन बेडरूम, दोन न्हाणीघरं. मी कॉलेजात शिकवत होते, माझा नवरा श्रीनिवास बँकेत. आईला त्रास होणार नाही याची आम्ही फार काळजी घेतली. ती सोफ्यावर बसत नसे. जेवण झालं की स्वतःचं ताट स्वतः घासून ठेवायची, मी कितीही ओरडले तरी. तिची पिशवी भरलेलीच असायची, धुतलेलं लुगडं घडी करून परत पिशवीत जायचं. बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आलं की सकाळी श्रीनिवास कामावर जाईपर्यंत ती न्हाणीघरात जात नाही. जावयाच्या देखत त्या दारातून आत जायला तिला लाज वाटायची. तो साडेनऊला निघायचा. म्हणजे पाच वाजता उठलेली बाई साडेचार तास तशीच बसून राहायची, आणि तिला संडास जवळ पडावा म्हणून मी तिला तिथे आणलं होतं.

मी श्रीनिवासला सांगितलं. तो दुसऱ्या दिवसापासून सात वाजता फिरायला जाऊ लागला. आई म्हणाली, “माझ्यामुळे श्रीनिवासरावांना घराबाहेर पडावं लागतं,” आणि त्या दिवशी जेवली नाही.

त्या संध्याकाळी, पिसाळच्या फोननंतर, तिने गवार मोडून ठेवली आणि माझ्यासमोर येऊन बसली.

“विभे, चार महिन्यांत मी तुझ्याकडे काही मागितलं का?”

“नाही.”

“फरशी कुठली घालू विचारलंस, तेव्हा काही बोलले?”

“नाही बोललीस.”

“मग गौर माझ्या घरात आण.”

मी तिला समजावलं. घरात सिमेंटची पोती आहेत, मागचं दार उघडं आहे, धूळ आहे. म्हटलं, इथे करू. इथेही कृष्णाच आहे, संगमावरून खडे आणू.

“नदी तीच आहे ग,” आई म्हणाली. “घर कुठंय?”

“हे घर नाही?”

“तुझं आहे. तुझ्या घरी तुझ्या सासूची गौर येणार. गौर घर बघायला येते. एक वर्ष चुकलं, की अंबू म्हणायला मोकळी.”

अंबूताई काय म्हणायच्या ते मला माहीत होतं. बाबा गेल्यावर त्यांनीच आईला सांगितलं होतं की इंदे, आता तू गौर बसवू नकोस, सवाष्णीचं काम आहे ते. आई म्हणाली होती, “गौर माहेरी येते. माहेरी आलेली पोर काय आईचं कपाळ बघते?” आणि बाबांचं वर्ष सरल्यावर तिने गौर आणली, पुढच्या वर्षीही आणली. अंबूताई कुरकुरत आल्या, हळदीकुंकू त्यांनीच वाहिलं, घावनघाटलं पोटभर खाल्लं आणि दर वर्षी येत राहिल्या. आमचा गणपती साताऱ्याला काकांकडे असायचा. आईच्या हातात तिची म्हणून एवढी एकच गोष्ट होती.

“ठीक आहे,” मी म्हटलं. “दोन दिवस जाऊ. पण खडे कोण आणणार?”

आमच्याकडे खड्याच्या गौरी. कुमारिकेने नाहीतर माहेरवाशिणीने नदीवरून सात खडे ताम्हनात घेऊन यायचे. घरी येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, आणि बोललं जाऊ नये म्हणून नदीचं पाणी तोंडात भरून चालायचं. ते पाणी गौर जागेवर बसल्यावरच टाकायचं. गेली काही वर्षं अंबूताईंची भाची आणायची. ती त्या वैशाखात लग्न होऊन हैदराबादला गेली होती.

“तू,” आई म्हणाली.

“मी?”

“मग काय पिसाळ?”

मला हसू आलं. तिलाही आलं, चार महिन्यांत पहिल्यांदा. मी अकरा वर्षांची असताना एकदाच गौर आणली होती. अंबूताई ताट वाजवत स्वागताला उभ्या होत्या, त्यांच्या पदरात खोचलेली किल्ली ताटावर आपटत होती, ते बघून मला हसू फुटलं आणि तोंडातलं सगळं पाणी त्यांच्या नव्या पैठणीवर गेलं. त्यानंतर आईने मला पुन्हा कधी सांगितलं नव्हतं. पुढे मी शिकले, वाचलं, माझी मतं झाली, आणि मग सांगण्याचा प्रश्नच उरला नाही.

“या वेळी तरी नीट कर,” आई म्हणाली. “विश्वास ठेव म्हणत नाही. फक्त बोलू नकोस.”

“नाही बोलणार.”

“शपथ?”

“अगं, नाही बोलणार.”

*

आवाहनाच्या आदल्या दुपारी श्रीनिवासने आम्हाला वाईला सोडलं आणि तो परत गेला. आईने कुलूप स्वतः काढलं. माजघरात पंधरा-वीस पोती, फरशीचे खोके, एका कोपऱ्यात वाळू. देवघराला पिसाळने प्लास्टिकचा कागद लावून ठेवला होता, तो मात्र नीट. आईने भिंतीवरून हात फिरवला, धूळ बोटांना चोळून बघितली आणि पदर खोचला.

पिसाळ मुद्दाम येऊन थांबला होता. आम्ही मागे गेलो. मागच्या दाराच्या चौकटीत कमरेइतक्या उंचीवर त्याने सेंटरिंगची फळी आडवी अडकवली होती. आईने तिच्यावरून वाकून खाली बघितलं. पायऱ्यांच्या जागी खड्डा होता, तळाला पाइपाची चारी, तिच्यात साठलेलं पाणी, कडेला फोडलेले दगड.

“माझ्या पायऱ्या कुठे टाकल्यास?” ती म्हणाली.

“टाकतोय व्हय? विहिरीपाशी लावून ठेवल्यात. काळा दगुड हाय, असला आता मिळत न्हाई.” पिसाळने मला बाजूला घेऊन आणि मग, बहुधा मी पुरेशी गंभीर दिसले नाही म्हणून, आईलाही सांगितलं. “आईसाहेब, ही फळी काढायची न्हाई. चार फूट खोल हाय.”

“मला दिसतंय रे. आंधळी नाही मी.”

“तसं न्हवं. सवयीनं पाय जातो माणसाचा.”

“जाईल जाईल. तू माझं काम पुरं कर आधी. पाय कुठे जातो ते मी बघते.”

पिसाळ हसला. जाताना म्हणाला, “गौरीला माझा बी नमस्कार सांगा,” आणि सायकल घेऊन गेला.

आई संध्याकाळपर्यंत पुसत होती. मी पोती सरकवून देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंत वाट केली. त्या धुळीत, त्या पसाऱ्यात ती इतकी सुखात होती की मला कराडमधले चार महिने आठवून लाज वाटली. तिने पाटा-वरवंटा शोधून काढला. संडासला दोन दिवस शेजारी अंबूताईंकडे जायचं ठरलं होतं. त्याही डोकावून गेल्या.

“काय ग इंदे, लेकीनं घराचं पार रणांगण केलंय.”

“माझ्यासाठीच करतेय.”

“तर तर. आणि उद्या गौर ही आणणार म्हणे?” अंबूताईंनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. “मी जुनं लुगडं नेसून येते मग.”

“नवं नेसून या,” मी म्हटलं. “या वेळी नाही उडवणार.”

“बघू. पुस्तकं वाचून तोंड बंद राहत असतं तर काय हवं होतं.”

दुसऱ्या दिवशी मुहूर्त दुपारी दोनच्या आत होता. साडेबाराला आईने माझ्या हातात ताम्हन दिलं, त्यावर खण घातला. तिचे गुडघे घाटापर्यंत चालणार नव्हते.

“वर पडलेले खडे नको घेऊ. पाण्यातले घे,” ती म्हणाली. “मागे वळून बघू नकोस. कोणी हाक मारली तरी ओ देऊ नकोस. दारात आलीस की उभी राहा, मी पाय धुते.”

“तू वाकू नकोस. अंबूताई धुतील.”

“माझ्या घरी आलेल्या गौरीचे पाय मी धुणार.”

भाद्रपदातली कृष्णा. पाणी गढूळ, घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्यात. गणपतीचं निर्माल्य कडेला साठून कुजत होतं, त्यावर फेस. मी दोन पायऱ्या उतरून हाताला लागले ते सात खडे घेतले, हळदीकुंकू वाहिलं. मग ओंजळीत पाणी घेतलं. ओंजळीतही ते मातकटच होतं. मी ते तोंडात भरलं आणि उठले.

घाटापासून घरापर्यंत बारा-तेरा मिनिटांची वाट. वाटेत शाळेत बरोबर असलेला शरद शेंडे स्कूटरवरून आला, गाडी हळू करून म्हणाला, “कोण, विभा? कधी आलीस?” मी ताम्हनाकडे डोळ्यांनी खूण केली. त्याने एका हाताने नमस्कार केला आणि तो हसत पुढे गेला. ऊन होतं. गल्लीच्या तोंडाशी अंबूताई उभ्या होत्या, खरोखरच जुनं लुगडं नेसून. मला बघताच त्यांनी ताट-पळी वाजवायला सुरुवात केली आणि माझ्या फुगलेल्या गालांकडे संशयाने बघत माझ्या मागोमाग चालू लागल्या.

आई दारात उभी होती. अंघोळ करून, बदामी रंगाचं लुगडं नेसून. तिनेही आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. एवढा आनंद तिच्या चेहऱ्यावर मी माझ्या लग्नातही बघितला नव्हता. ती चौकटीला धरून खाली वाकली, गुडघे करकरले ते मला ऐकू आले, आणि तिने माझ्या पायांवर दूध घातलं, पाणी घातलं, स्वतःच्या पदराने पाय पुसले. मला पाय मागे घ्यावेसे वाटत होते. मी घेतले नाहीत.

“गौर कशाच्या पावलांनी आली?” आईने विचारलं.

आमच्याकडे आणणारी बोलत नाही, म्हणून प्रश्न तिचाच आणि उत्तरही तिचंच.

“सोन्यामोत्याच्या पावलांनी आली.”

मग घर दाखवणं. आई पुढे, हातात निरांजन, तोंड माझ्याकडे. गौरीला पाठ दाखवायची नाही, म्हणून ती दर वर्षी अशीच उलट पावलांनी चालायची. मधे मी. माझ्या मागे अंबूताई, ताट वाजवत.

“हे माजघर. इथे काय आहे? धान्याच्या राशी.”

धान्याच्या राशी म्हणताना तिने सिमेंटच्या पोत्यांकडे हात केला आणि तिलाच हसू आलं.

“हे स्वयंपाकघर. इथे काय आहे? अन्न उदंड.”

अंबूताई माझ्या मागे दाराशीच थांबल्या होत्या, पोत्यांमधली वाट अरुंद होती. ताट वाजतच होतं. मला उजेड जास्त वाटला. स्वयंपाकघरात मागच्या बाजूने इतका उजेड कसा, म्हणून मी आईच्या खांद्यावरून बघितलं. मागचं दार सताड उघडं होतं. फळी चौकटीत नव्हती. ती बाजूच्या भिंतीला नीट टेकवून ठेवलेली होती.

मी नदीवर असताना आईने ती काढली होती. मग माझ्या लक्षात आलं. गौरीला दर वर्षी शेवटी विहीर दाखवतात.

आई दारापासून चार पावलांवर होती. तिने एक पाऊल मागे टाकलं.

मी मान हलवली. जोरात, दोनदा. ओठ मिटलेले ठेवून नाकातून आवाज केला.

“हो हो,” आई हसून म्हणाली, “दमलीस. झालंच आता,” आणि दुसरं पाऊल टाकलं.

मी थांबले. मला वाटलं, मी थांबले की तीही थांबेल. दर वर्षी तसंच होत असणार, आणणारी थांबली की दाखवणारी थांबते. मी ताम्हन पुढे केलं, डोळ्यांनी तिच्या मागे बघितलं. तिला माहीत आहे, असंही मला वाटलं. कालच तिने वाकून बघितलंय.

“चल ग,” ती म्हणाली. “मुहूर्त जाईल.”

तिसरं पाऊल.

“ही आमची विहीर,” ती म्हणाली. निरांजन तिने थोडं वर धरलं होतं आणि ती माझ्याकडे बघत होती, माझ्या हातातल्या खड्यांकडे. “इथे काय आहे? पाणी...”

तिचा उजवा पाय मागे गेला आणि खाली पहिली पायरी शोधू लागला. सेहेचाळीस वर्षं ती पायरी तिथे होती.

*

खुब्याचं हाड मोडलं, दोन बरगड्या. साताऱ्याच्या एका हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चांगलं झालंय. मग आठव्या दिवशी ताप आला, छातीत कफ झाला, आणि ते काही म्हणेनासे झाले.

शुद्धीवर आल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला तो गौरीचा. अंबूताईंनी माझ्या हातून सांडलेले, फरशीच्या फटींत अडकलेले खडे वेचून धुतले होते, गौर बसवली होती, तिसऱ्या दिवशी नदीवर नेऊन पोचवलीही होती. आम्ही इकडे होतो. मी तिला ते सगळं सांगितलं.

“तू तोंडातलं पाणी कधी टाकलंस?” तिने विचारलं.

“नंतर,” मी म्हटलं.

“मी पडल्यावर?”

“हो.”

तिने डोळे मिटले. मला वाटलं, दुखतंय. पण ती समाधानाने पडून राहिली होती. त्यानंतर तिने ते सगळ्यांना सांगायला सुरुवात केली. सलाइन लावायला येणाऱ्या सिस्टरला, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला, बघायला आलेल्या काकांना. माझी मुलगी कॉलेजात शिकवते, तिचा काही विश्वास नाही, पण गौर आणताना बोलली नाही. मी चार फूट खाली पडले, तरी मी पडेपर्यंत बोलली नाही. सिस्टरना हे ऐकून काय वाटायचं ते मला माहीत नाही. त्या माझ्याकडे बघायच्या आणि सलाइनचा वेग बघायच्या.

बाराव्या दिवशी पिसाळ आला. धुतलेला पांढरा सदरा, हातात दोन शहाळी. तो खाटेपाशी उभा राहिला, बसायला तयार नव्हता.

“मी खिळं मारायला पायजे हुतं त्या फळीला,” तो म्हणाला. “नुसती अडकवली. चूक माझी हाय ताई.”

“नाही,” मी म्हटलं. “तुम्ही सांगितलं होतं.”

“सांगून काय हुतंय?” तो आईकडे बघत राहिला. ती डोळे मिटून होती, श्वास घेताना छातीत आवाज येत होता. “तुम्ही समोरच हुता न्हवं?”

“हो.”

“किती लांब?”

“तीन-चार हात.”

त्याने मान खाली घातली. हातातली शहाळी कुठे ठेवावीत ते त्याला कळत नव्हतं. मग हळूच म्हणाला, दोष देत नव्हता, खरंच त्याला समजून घ्यायचं होतं. “आमच्यात वरनं काय बी सुटलं, वीट म्हना, घमेलं म्हना, तर आदी हाक घालत्यात. बघायचं मागनं. तुम्ही... हाक न्हाई घातली ताई?”

मी तोंड उघडलं. मला त्या माणसाला सांगायचं होतं. बारा दिवसांत दुसऱ्या कोणाला सांगावंसं वाटलं नव्हतं.

“ती कशी हाक मारेल?” आई म्हणाली.

तिने डोळे उघडले नव्हते. आवाज अगदी बारीक होता, पण त्यात तीच ऐट होती, मी शाळेत पहिली आले की अंबूताईंना सांगताना असायची ती.

“हातात गौर होती. तोंडात पाणी होतं तिच्या. लहानपणी हसली होती, या वेळी नाही. एक थेंब सांडला नाही.”

एक थेंब सांडणार कुठून? माझ्या तोंडात पाणी नव्हतं. घाट चढून आल्यावर, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या आडोशाला, मी ते थुंकून टाकलं होतं. त्या पाण्याला कुजलेल्या फुलांचा वास येत होता आणि मला काविळीची भीती वाटली. आजूबाजूला कोणी नव्हतं. पदराने ओठ पुसले आणि पुढची सगळी वाट मी नुसते गाल फुगवून चालले, शरद भेटला तेव्हाही, दारात आईने माझे पाय धुतले तेव्हाही. आईचं मन राखायला तेवढं पुरेसं आहे असं मी ठरवलं होतं. स्वयंपाकघरात ती चार पावलांवर असताना माझं तोंड रिकामं होतं. “आई, थांब,” एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं, तर ती थांबली असती, आणि तिला कळलं असतं.

“खरं हाय,” पिसाळ म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं थोडं उतरलेलं दिसलं. “देवाचं काम. मग काय करनार मानूस.”

त्याने शहाळी खाटेखाली ठेवली आणि आईच्या पायाशी हात जोडले.

आईने चादरीवरून हात माझ्या दिशेने सरकवला. मी तो धरला. तो तापलेला होता.

“हो की नाही ग?” तिने विचारलं. “सांग त्याला.”

मी ओठ मिटलेले ठेवून मान हलवली. तिचे डोळे मिटलेले होते म्हणून तिला ते दिसलं नाही, पण माझा हात हलला असणार, कारण ती हसली.